ट्रॅकची गाडी रस्त्यावर कशाला?

माझा भाचा सव्वीस वर्षांचा. जाफरनगरहून हिंगणा एमआयडीसीत रोज यामाहा आर-१५ वर जातो. गाडीचे हप्ते नुकतेच संपलेत आणि आता त्याला ती 'ट्रॅकची' करायची आहे. आपा म्हणते, ही बला विकून टाक. दोस्त म्हणतात, सायलेन्सर आजच बदल. मामू मास्तर आहे म्हणजे त्याला सगळंच कळत असणार, असा आमच्या घरात समज आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मोमिनपुऱ्यापासून कामठीपर्यंत अशी पोरं पुष्कळ आहेत, तेव्हा उत्तर सगळ्यांसाठीच लिहितो.

ट्रॅकची गाडी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. तिचे आरसे, हेडलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट, स्टँड सगळं निघतं. इंजिन ऑइलच्या बोल्टला तार बांधतात, म्हणजे तो सैल होऊन ट्रॅकवर तेल सांडत नाही. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरतात, कारण कूलंट डांबरावर सांडलं तर मागून येणारा घसरतो. टायर मऊ रबराचे, तापले की चिकटणारे. रेसचे काही ब्रेक पॅडही असेच, गरम झाल्यावरच नीट धरतात.

आता हीच गाडी घेऊन सकाळी ड्युटीला निघा. थंड ब्रेक, आणि पहिल्याच वळणावर कुत्रं आडवं. जुलैच्या पावसात बिननक्षीचा टायर. मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलवर नुसत्या पाण्यावर तापणारं इंजिन. जे बदल ट्रॅकवर जीव वाचवतात, त्यातले बरेचसे रस्त्यावर जिवावर उठतात. एकच गाडी दोन्हीकडे चालवू म्हणणाऱ्याला ती दोन्हीकडे अर्धवटच मिळते.

कायदाही इथे सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. विम्याची पॉलिसी काढून वाचा (कोणी वाचत नाही, मला माहीत आहे). शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठी गाडी वापरली तर भरपाई नाही, असं तिथे लिहिलेलं असतं.

आणि ट्रॅक आहे कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला, दिल्लीच्या पलीकडे ग्रेटर नोएडाला. कोल्हापूरला एक आहे, पण तो मुळात गो-कार्टचा. झिरो माईलच्या गावात राहण्याचा हा तोटा, की चेन्नई आणि दिल्ली दोन्ही सारखेच लांब, अकराशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या दारातून समृद्धी महामार्ग सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे तयार केलेली गाडी पेट्रोल काढून रेल्वेच्या पार्सलने किंवा ट्रकने न्यायची. वर्षातून दोनदा जमलं तरी खूप. उरलेले दिवस ती उभी कुठे राहणार? मोहल्ल्याच्या गल्लीतच.

खरं दुखणं त्या गल्लीत आहे. आपल्याकडे 'ट्रॅकसाठी' म्हणून आरसे निघतात, कान फाडणारा सायलेन्सर लागतो, आणि गाडी चेन्नईला कधीच जात नाही. ती रात्री बारानंतर कोराडी रोडला जाते. तिथे समोरून ट्रक येतात, मध्ये दुभाजक आहे, बाजूला विजेचे खांब. पडलेल्या पोराला उचलायला दोस्तांशिवाय कोणी नसतं, आणि पोलीस येतील म्हणून त्यातलेही अर्धे पळालेले असतात.

म्हणून आपाचं म्हणणंही मला पटत नाही. वेगाचा शौक आहे म्हणजे पोरगा वाया गेला, हा हिशोब जुना झाला. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर घसरायला मोकळी जागा असते, झेंडे घेतलेले मार्शल आणि ॲम्ब्युलन्स असते, आणि लेदर सूट-बुटांशिवाय आत सोडत नाहीत. त्याला जायचंच असेल, तर कोराडी रोडपेक्षा चेन्नईला जाऊ दे. फक्त ही गाडी घेऊन नको.

चेन्नईच्या ट्रॅकवर रायडिंग शिकवणारे वर्ग भरतात, गाडी आणि सूट भाड्याने मिळण्याची सोयही असते. टीव्हीएसच्या वन मेक स्पर्धेत तर निवडलेल्या सगळ्यांना कंपनीच एकसारख्या गाड्या देते. सायलेन्सर, टायर, फेअरिंगचे पैसे बाजूला ठेवून आधी असे दोन वर्ग करावेत. तिथे कळतं की कमी पडतं ते बहुतेक वेळा इंजिन नसून नजर असते. वळणात कुठे बघायचं, ब्रेक कधी सोडायचा, हे कोणत्याही दुकानात मिळत नाही. मी तीस पोरांना शुद्धलेखन शिकवतो. महाग पेनाने अक्षर सुधारलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

दोन-तीन खेपांनंतरही ओढ तशीच राहिली, तर जुनी, फेअरिंग फुटलेली पण चेसिस सरळ असलेली गाडी घ्यावी. आधी कागदपत्रं बघावीत. आरटीओत विचारून तिची रस्त्यावरची नोंदणी रद्द होते का ते पाहावं, मग खुशाल दिवे काढावेत, तारा बांधाव्यात, पाणी भरावं. पडली तर वाईट वाटेल, पण सोमवारी ड्युटीला जायची गाडी खाली शाबूत उभी असेल, दोन्ही आरशांसकट.