संगणकाच्या दोन बाजू, डोळे मात्र तेच

सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत एकच संगणक परवडतो. त्यावरच मुलगा गेम खेळणार आणि त्यावरच चित्रे, व्हिडिओ करायला शिकणार. अशा घरासाठी ‘ड्युअल बूट’ हा चांगला पर्याय आहे. एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली बसवता येतात. एका वेळी एकच चालते. गेम विंडोजवर ठेवावेत आणि क्रिटा, ब्लेंडर यांसारखी मोफत साधने लिनक्सवर. बसवण्याआधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात.

एकीकडून दुसरीकडे जाताना संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. हा खोळंबा प्रकृतीला उपकारकच आहे. तेवढ्यात उठावे, पाणी प्यावे, खिडकीतून लांब पाहावे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवले जातात. गावाला भोंगा, तसा घराला हा थांबा.

पालक मात्र फक्त गेमचे तास मोजतात. डोळे, मान आणि मनगट कामाचे तासही मोजतात. त्यामुळे एकूण वेळेलाच मर्यादा हवी आणि दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे नजर. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही गेमच्या विकाराची खूण तासांची संख्या नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, हे साधारण वर्षभर चालले तर तो विकार. तशी चिन्हे दिसली तर संगणक हिसकावू नये, डॉक्टरांना दाखवावे.