अस्तर इज मस्ट!

जीन्स-कुर्त्यावर क्रोशाची शोल्डर बॅग म्हणजे एकदम हिट! पण नुसती विणलेली बॅग घेऊन ऑफिसला निघालात, तर संध्याकाळपर्यंत ती गुडघ्याशी लोंबणार आणि किल्ल्या, पेन जाळीतून डोकावणार. क्रोशाची वीण ताणली जातेच. म्हणून मिरवायचं काम विणीला द्या आणि वजन उचलायचं अस्तराला.

लोकर नको, जाड कॉटनचा दोरा घ्या. चार साखळ्यांचं कडं करा. त्यात तीन-तीन खांबांचे चार गट आणि मध्ये दोन-दोन साखळ्या, हे झाले कोपरे. (फेरीचा पहिला खांब म्हणजे तीन साखळ्या.) पुढच्या फेऱ्यांत प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, बाजूच्या गॅपमध्ये तीनच. झाला ग्रॅनी स्क्वेअर! 10 सेंमीचे 18 चौकोन मुक्या खांबाने जोडले, की दोन्ही बाजू 30 बाय 30 च्या तयार.

आता अस्तर. सुती कापड आधी धुवून घ्या, नंतर आटायला नको. 32 सेंमीचे दोन चौकोन कापा. आतला खिसा आधीच लावा. मग 1.5 सेंमी सोडून तीन बाजूंनी टीप मारा. वरचा काठ दुमडल्यावर पिशवी 29 ची होईल. मुद्दामच! एक सेंमी कमी असल्यामुळे भार अस्तरावर येतो.

पट्टा मुक्या खांबाचा विणा, त्याला आतून जाड कापडी पट्टी लावा आणि तिची टोकं अस्तराला पक्की शिवा. शेवटी अस्तराचा काठ हातशिलाईने बॅगेला जोडा.

आता डबा, छत्री, पुस्तक... भरा बिनधास्त!