धीटपणाचे क्लास

धारवाडात सप्तापूरकडे फिरकलात तर क्लासच्या पाट्या मोजता मोजता मान दुखेल. फौजदार होण्याचा क्लास, तहसीलदार होण्याचा क्लास, बँकेत चिकटण्याचा क्लास. हे लोण आता महाविद्यालयांतही पोचले असून, तेथे शिकवणाऱ्या आणि संशोधन करू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी 'करिअर मार्गदर्शन शिबिरे' भरू लागली आहेत.

गेल्या पावसाळ्यात अशा एका शिबिराचे अध्यक्षस्थान माझ्याकडे चालून आले. (महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, शाल त्यांचीच आहे.) व्याख्याते बेंगळूरुहून आलेले. दोन तास बोलले. नजरेला नजर द्या, 'नाही' म्हणायला शिका, वेळेचे नियोजन करा, मनातला न्यूनगंड काढून टाका. समोर चाळीसेक जणी, बहुतेक तासांवर शिकवणाऱ्या अतिथी व्याख्यात्या. तिसऱ्या रांगेत माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. तिचे निम्मे लक्ष घड्याळाकडे, कारण मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती. शेवटी ती उभी राहिली, चांगली नजरेला नजर देऊन, आणि तिने विचारले, "लग्नामुळे गाव सुटलं, पीएच.डी. अर्धी राहिली. असं काम दुसरीकडे नेता येतं का?" व्याख्याते प्रसन्न हसले. म्हणाले, "आधी तुम्ही स्वतःवर विश्वास ठेवा!" टाळ्या पडल्या. अध्यक्ष या नात्याने मीही वाजवल्या.

माझे भांडण या उत्तराशी आहे. त्यात असे गृहीत धरलेले आहे की स्त्री मागे राहते ती भित्री असते म्हणून. मग १९३३ सालची गोष्ट काय सांगते? मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बेंगळूरुच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळवलेला माणूस, पण बाई म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. तेव्हा प्रवेश मिळाला, तोही वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर. आत्मविश्वासाचा तुटवडा कोणाकडे होता, सांगा बरे! दार बाहेरून ढकलून उघडत नव्हते, कारण कडी आतून होती. ती रामन यांनीच पुढे काढली आणि मग इतर मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांना श्रीनिवासय्यांसारखे शिक्षक लाभले, ज्यांनी भाषण न देता काम शिकवले.

आपल्या हुबळीचेच पाहा. गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांकडे शिकायला रेल्वेने कुंदगोळला जात. त्यांच्या आई अंबाबाई स्वतः कर्नाटकी संगीत गाणाऱ्या. मुलीच्या हिंदुस्थानी गळ्यावर त्याची छाया पडू नये म्हणून त्या माउलीने आपले गाणे थांबवले. शाळा जेमतेम पाहिलेल्या गंगूबाई पुढे कर्नाटक विद्यापीठात संगीताच्या मानद प्राध्यापक झाल्या. त्यांचे कष्ट अफाट होतेच, पण त्यांच्यासाठी कोणीतरी काहीतरी सोडले होते. आजच्या शिबिरांत मात्र सोडायला कोणीच तयार नाही. बाईनेच पहाटे आणखी एक तास लवकर उठायचे. वेळेचे नियोजन ते हेच!

मुलाखतीचा सराव करू नये, असे मी म्हणत नाही. आमच्या मराठी शाळेतून गेलेल्या मुलीला कानडी आणि इंग्रजी या दोन्हींत मुलाखत द्यावी लागते. तिला सराव हवाच. परंतु पुरुष उमेदवाराला खरे मार्गदर्शन मिळते ते विभागाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. कोणाची जागा रिकामी होणार, कोणता मार्गदर्शक कधी निवृत्त होणार, अर्ज कोणत्या टेबलावर अडतो. पाच वाजता घराकडे धावणाऱ्या बाईला ती टपरी नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात शंभर पुरुष अध्यापकांमागे ७७ स्त्रिया आहेत. म्हणजे त्या आत येतात. पुढे वरच्या पायऱ्यांवर त्या विरळ का होतात, याचे एक उत्तर त्या टपरीवर आहे.

म्हणून दोन तासांच्या शिबिरात नियमावलीच का वाचून दाखवू नये? विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी कमाल सहा वर्षे आहेत, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. या साऱ्या काळात प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या मार्गदर्शकाने नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. आणि लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्त्रीला गाव बदलावे लागले, तर अटींची पूर्तता करून तिचे संशोधन नव्या ठिकाणच्या विद्यापीठात नेता येते. व्याख्यात्यांना हे ठाऊक नसावे. ठाऊक असते तर तिला दोन ओळींत उत्तर मिळाले असते. तसेच, एखादे शिबिर प्राचार्यांसाठी आणि मार्गदर्शकांसाठीही भरवा. कडी त्यांच्या हाताशी आहे.

हे सगळे मी मोठ्या तोऱ्यात लिहितो आहे खरा, पण एक सांगायचे राहिले. २०१९ साली या मुलीचे लग्न ठरले आणि सोलापूरला जावे लागणार म्हणून ती माझ्याकडे विचारायला आली होती. नोंदणी होऊन दोन वर्षे झालेली, दोन प्रकरणे लिहून तयार. मी चहा दिला आणि म्हणालो, "अगं, आता संसाराकडे बघ. पीएच.डी. कुठे पळून जाते?" एम.ए. झालेला, तीस वर्षे मुलींना 'शिका' म्हणणारा माणूस मी. नियम शोधायची तसदीसुद्धा घेतली नाही.

नवऱ्याची बदली हुबळीला झाली आणि ती परत आली. शिबिरानंतरच्या रविवारी मी तिला बोलावून नियमांची छापील प्रत हातात ठेवली. मधल्या काळात तिची नोंदणी रद्द झालेली होती. तिने ते कलम दोनदा वाचले.

"सर, हा नियम नवीन आलाय का?"

"नाही. २०१६ च्या नियमावलीतही होता."

तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि नव्या प्रवेशपरीक्षेची तारीख विचारली.