फिरती डिश की स्थिर डिश?

आखातातून सुट्टीवर आलेला भाऊ किंवा भाचा गच्चीवरची डिश पाहून हमखास म्हणतो, ‘‘हिला मोटर बसवा, सगळी दुनिया दिसेल.’’ मुलांना ते लगेच पटते. खर्च मात्र अब्बांच्या खिशातून जायचा असतो. म्हणून या वेळी हा विषय घेत आहोत.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्याने ते आपल्याला एका जागी थांबलेले भासतात. डिश एकदा नेमकी रोखली की हलवावी लागत नाही. मोटर लागते ती अनेक उपग्रह पाहायचे असतील तेव्हाच.

आखातात तशी गरज पडते. तिथे अरबसॅट 26 अंश पूर्वेला, तर नाइलसॅट 7 अंश पश्चिमेला. दोन्हींवर विनामूल्य वाहिन्या भरपूर. आपल्याकडचा हिशेब वेगळा. दूरदर्शनची फ्री डिश 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 वरून येते आणि तिला मासिक वर्गणी नाही. मुंबई-रत्नागिरीहून ती दिशा आग्नेयेला पडते. खासगी कंपन्यांच्या पैसे भरायच्या वाहिन्या तर नुसती डिश वळवून उघडत नाहीत; त्यासाठी त्यांचाच बॉक्स आणि वर्गणी लागते.

मोटरचे काही तोटेही लक्षात घ्यावेत. डिशचे तोंड एका वेळी एकाच दिशेला असते. बाहेरच्या खोलीत कुणी उपग्रह बदलला की आत दादीजान पाहत असलेला कार्यक्रम बंद! एकत्र कुटुंबात रोजच्या कुरबुरीला एवढे कारण पुरते. शिवाय खांब अगदी ओळंब्यात हवा. तो जरा कलला तरी एक उपग्रह लागतो नि दुसरा हुकतो. कोकणच्या वाऱ्यापावसात आणि खाऱ्या हवेत हलणारे भाग लवकर गंजतात. मुसळधार पावसात चित्र जाते, ते ढग-पावसामुळे. त्यावर मोटरचा काही इलाज चालत नाही.

दोन जवळच्या उपग्रहांची गरज असेल, तर एकाच स्थिर डिशवर दोन एलएनबी आणि एक स्विच बसवता येतो. उपग्रह दूरदूर असतील, तर दोन लहान स्थिर डिश बसवा. देश-परदेशच्या विनामूल्य वाहिन्या शोधण्याचा खरा छंद असेल, गच्चीवरून आकाश मोकळे दिसत असेल आणि देखभाल करणारे माणूस घरात असेल, तरच मोटर घ्यावी.

खरेदीपूर्वी एक करा. आठवडाभर घरात कोण कोणती वाहिनी खरोखर पाहतो, ते कागदावर लिहा. आजी-आजोबांनाही विचारा. बहुतेक घरांत ही यादी एका उपग्रहात मावेल. मग स्थिर डिशच घ्या, तिचे नट घट्ट आवळा, केबलच्या जोडावर पाणी न शिरेल अशी टेप गुंडाळा. आणि पावसात ओल्या गच्चीवर किंवा कौलांवर मुलांना मुळीच चढू देऊ नका. बुडालेला कार्यक्रम पुन्हा पाहता येतो.