काठावरचे गुलाबी

पावसाळा उतरणीला लागला की जालना जिल्ह्यातल्या मोबाइलांवर दोन तळी फिरू लागतात. एक हिमालयातल्या हेमकुंडचे. सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली आणि पुढे मजल दरमजल करत घांघरिया गाठलेल्या कुणीतरी ते पाठवलेले असते. चार हजार मीटरच्या वरचे निळे-काळे पाणी, काठच्या खडकांत ब्रह्मकमळे, पुढे टोपी घातलेले थकलेले हसू. दुसरे तळे गावाशेजारचे असते. पाझर तलाव तुडुंब, मागे हिरवा माळ आणि पाण्याच्या कडेने फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांची दाट रांग. खाली ठरलेली ओळ : ‘आपल्या गावचे काश्मीर’. त्यावर पन्नास अंगठे.

ती फुले बेशरमाची असतात.

हे झुडूप इथले नाही. दक्षिण अमेरिकेतून आले. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला बरे, असे समजून आपण ते बांधावर लावले. तिथून ते ओढ्यात उतरले आणि ओढ्यातून तलावात. कांडी पोकळ. मोडली की पांढरा चीक येतो. मोडलेला तुकडा ओल्या मातीत पडला की त्याचे नवे झुडूप होते. पाण्यात उभे राहते, पाणी आटले तरी उभे राहते. शेळीला घालायच्या कामाचे नाही. सतत पोटात गेले तर जनावर दगावते. मधमाश्या येतात, वाळल्यावर चुलीत जाते, हे त्याच्या बाजूने सांगता येईल. तेवढेच.

मुद्दा त्याच्या जागेचा आहे. खोल पाण्यात बेशरम जात नाही. जिथे गाळ बसतो, पाणी गुडघ्याएवढे होते, तिथे ते पाय रोवते. मग त्याच्या बुंध्याशी आणखी गाळ अडतो, आणखी पाणी उथळ होते आणि रांग दोन पावले आत सरकते. म्हणजे छायाचित्रातली ती गुलाबी रांग हा तळ्याचा पंचनामा आहे. पाणी कुठवर होते, आता कुठवर उरले आणि मधल्या वर्षांत तिकडे कुणी फिरकले नाही, हे सगळे त्यात लिहिलेले असते. आपण त्यावर बदामाचे चिन्ह ठेवून पुढे जातो.

आता हेमकुंडचे बघा. नांदेडला ज्या गुरूंनी देह ठेवला त्यांच्याच नावाशी हे तळे जोडलेले आहे, त्यामुळे मराठवाड्याला ते तसे परके नाही. घांघरियाहून सकाळी निघायचे, अंगावर येणारी चढण चढायची, तळे पाहायचे आणि दुपारीच उतरायला लागायचे. दुसऱ्या दिवशी शेजारची फुलांची दरी. ती १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढीच उघडी असते. तिकीट काढून आत जायचे, संध्याकाळच्या आत बाहेर यायचे, मुक्काम करायचा नाही. जालन्याचा माणूस हे सारे निमूट पाळतो. कासच्या पठारावरही पाळतो. तिथे तर नोंदणी करून, पैसे भरून, दोरीच्या अलीकडून फुले बघतो. शिस्तीला आपला विरोध नाही. ती चारशे किलोमीटरवर असली पाहिजे, एवढेच.

त्या दरीची एक गोष्ट मात्र परतलेल्या कुणाच्या वर्णनात येत नाही. १९८२ मध्ये दरीचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि तिथली चराई बंद झाली. पुढे पॉलिगोनम नावाची माणसाच्या उंचीला येणारी वनस्पती तिथे माजली. ती मूळची हिमालयातलीच. तिलाही फुले येतात, पांढरी, झुपकेदार, दिसायला वाईट नाहीत. पण तिच्या सावलीत बाकीची फुले मरू लागली. चराई बंद केल्यामुळेच ती माजली का, यावर जाणकारांत वाद आहे. वाद चालू असताना वन खात्याने एक साधे काम केले. मजूर लावले आणि ती उपटायला घेतली. एकदा उपटून ती जात नाही, म्हणून पुन्हा उपटली, पुन्हा मजूर लावले. आपण ज्याला निसर्गाची किमया म्हणतो त्यात कुणाच्या तरी वाकलेल्या कमरेचा वाटा आहे.

ती कंबर जालन्यात वाकत नाही.

तळ्यांची कदर नसलेले हे गाव नव्हे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण कोरड्या गावावर तयार झाली नसती. शहराच्या पश्चिमेचा मोती तलाव जमशेदखानाच्या काळातला; तिथून भूमिगत नळांनी पाणी गावात आणलेले होते. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या राजवटीतला. नव्या जालन्याची तहान त्याच्यावर. आता त्याला नाव आहे संत गाडगेबाबा जलाशय. तिथला गाळ उपसायला उद्योजकांनी आणि नागरिकांनी वर्गणी काढली, हेही याच शहराचे. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्यावर पाण्याची किंमत इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पण कदर आहे ती पाण्याची आणि गाळाची. काठाची नाही. जलयुक्त शिवार आले, गाळमुक्त धरण आले. गाळ किती घनमीटर निघाला, किती ट्रॅक्टर भरले, किती शेतांत पडला, याचे आकडे तोंडपाठ. काठाचे मोजमाप कुणी मागत नाही, म्हणून कुणी ते करतही नाही. उलट गाळाबरोबर बेशरमाच्या कांड्या ट्रॅक्टरमध्ये चढतात आणि शेताच्या बांधाला जाऊन रुजतात. शेतकऱ्याला गाळ फुकट मिळतो. बेशरमही फुकट मिळते.

अशा तलावाभोवती एकदा चालून बघावे. फार तर तासाचे काम. सांडव्याकडून निघालात तर पहिली शंभर पावले ठीक जातात. मग डोक्याइतकी उंच, गचपणासारखी भिंत लागते आणि पाणी दिसेनासे होते. वेड्या बाभळीने उरलेली वाट अडवलेली असते. पाण्याला जायला एखादी फट सापडते, म्हशीच्या पोटाएवढी. म्हशींनीच रोज आत-बाहेर करून ती पाडलेली असते. दोन्ही बाजूंच्या कांड्यांवर चिखल घासून वाळलेला, खाली खुरांचे खड्डे, त्यांत हिरवे पाणी. माणसे धुणे घेऊन तिथूनच उतरतात, जाळे टाकणाराही तिथूनच. आणि ‘आपल्या गावचे काश्मीर’ हे छायाचित्रही तिथूनच काढलेले असते, कारण कॅमेरा धरायला दुसरी जागा नाही. त्या चौकटीत म्हैस तेवढी येऊ दिलेली नसते.

या काठावर एरवी काय असते, ते चाळिशीच्या पुढच्यांना तरी आठवावे. ओलीत माका. पाणी उतरले की काटेरी तालिमखान्याची जांभळी फुले. चढावर चंदेरी-गुलाबी कुर्डू. माळाला तरवड, ज्याच्या पिवळ्या फुलांची माळ नवरात्रात घटावर चढते. यातल्या एकासाठीही हिमालयात जावे लागत नाही आणि एकालाही तिकीट नाही. तरवडाची फुले हल्ली बाजारातून वाट्याने विकत आणतात. माळ चार पावलांवर असतो.

कुणी म्हणेल, फुलांत कसले आपले-परके? जे फुलते ते गोड मानावे. दिवाणखान्यातल्या कुंडीपुरते हे ठीक आहे. तलावाला नाही. तलावात एका जातीची फुले सगळा काठ व्यापतात तेव्हा बाकीच्यांची जागा गेलेली असते आणि पाण्याचीही गेलेली असते. पावसाळ्यात ही गोष्ट लपते. मार्चमध्ये तळे निम्मे आटते, टँकरचे प्रस्ताव तहसीलला जातात आणि बेशरम तरीही हिरवे असते. तेव्हा त्याचे छायाचित्र कुणी काढत नाही.

उपटायचे तर वैशाखात. पाणी मागे सरलेले असते, बुंधे उघडे पडलेले असतात आणि गाळ काढायला पोकलेन तलावात उतरलेले असते. त्याच पोकलेनला काठाने फिरवायला नवी योजना लागत नाही, नवा मंत्री लागत नाही. कामाच्या आदेशात दोन ओळी लागतात. बुंधे मुळासकट काढावेत, ही पहिली. काढलेल्या कांड्या उन्हात वाळवून जागीच जाळाव्यात, गाळाच्या ट्रॅक्टरमध्ये चढू देऊ नयेत, ही दुसरी. पावसानंतर पुन्हा एक फेरी लागेल, कारण राहिलेला तुकडा फुटतोच. तेवढ्या फेरीला यंत्र नको, माणसे पुरतात. हेमकुंड चढून आलेल्यांचे गुडघे चांगले आहेत.