सबरस

पाडव्याच्या पहाटे डहाणूला आमच्या आळीत ‘सबरस, सबरस’ अशी आरोळी उठते. गुजराती शेजाऱ्यांचे ते नववर्ष, आणि त्या दिवशी पहिली खरेदी मिठाची. मिठाला ‘सबरस’ म्हणावे हे त्यांना सुचले, आपल्याला नाही, याची मराठीच्या प्राध्यापकाला थोडी असूया वाटते. असो. शेजारधर्म म्हणून आमच्या घरातही एक पुडी येते.

ती पुडी पाहिली की मला तलासरीकडचा एक विद्यार्थी आठवतो. मागच्या दाराजवळ बसे. बाकावर पाण्याची भली मोठी बाटली, आणि एका तासात दोनदा ‘सर, बाहेर जाऊ?’ एकदा मी म्हणालो, “अरे, तू इथे शिकायला येतोस की पाणी प्यायला?” वर्ग हसला. मलाही आपला विनोद आवडला. दुसऱ्या दिवसापासून बाटली दिसेना. ऑक्टोबरचे ऊन होते. आठवड्याने कळले की कंबर आणि हातपाय असह्य ठणकू लागल्याने त्याला दवाखान्यात ठेवले आहे. सिकलसेल. पाणी कमी पडले की असे दुखणे उसळू शकते, असे डॉक्टरांनी सांगितले.

मग मी माझे अज्ञान दूर करायला बसलो. आपली मूत्रपिंडे प्रत्येकी जेमतेम 150 ग्रॅमची. पण दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि त्याबरोबर सुमारे दीड किलो मीठ! त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात घेतात. बाहेर जाते ते दीडएक लिटर पाणी आणि आपण खाल्ले असेल साधारण तेवढे मीठ. इतका काटकसरी कारभारी कोणत्या संसारात असतो?

चर्चगेटहून डहाणूकडे येताना भाईंदर-नायगावच्या बाजूला मिठागरे दिसतात. एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात जाताना खारे पाणी दाट होत जाते. मूत्रपिंडाच्या गाभ्यात तसेच मिठागर आहे. 1862 साली याकोब हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञाने वर्णिलेल्या बारीक नळ्या तिथे खाली उतरून वर वळतात, आणि त्यांच्याभोवती क्षार साठत जातात. तळाशी रक्ताच्या चौपट दाटपणा! त्या ओढीने लघवीतले पाणी परत शोषले जाते. इथे ऊन नाही; पेशीच राबतात.

पण या गाभ्यात प्राणवायू कमी असतो. सिकलसेलच्या रोग्याच्या तांबड्या पेशी अशाच जागी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मिठागर मोडते. लघवी दाट करता येत नाही, पाणी वाहून जाते. आणि अंगातले पाणी घटले की पेशी आणखी वाकतात. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली या रोगाचे पहिले वर्णन लिहिले, त्यातही लघवी पुष्कळ आणि पातळ असल्याची नोंद आहे. तो रोगीही विद्यार्थीच होता. त्याच्या प्राध्यापकांनी त्याला काय ऐकवले असेल, कोण जाणे.

आमच्या भागात वारली, कोकणा, धोडिया, दुबळा समाजांत हा दोष आढळतो. आईबाप दोघेही वाहक असले तर मुलाला रोग होऊ शकतो. लहान वयात निरोगी रक्त दिले तर मूत्रपिंडाची ही शक्ती काही काळ परत येते, असे 1956 साली दिसून आले. वय वाढले की मात्र येत नाही. 2023 पासून देशातल्या आदिवासी भागांत चाळिशीपर्यंतच्या माणसांची रक्ततपासणी सुरू झाली आहे.

त्या दिवाळीत एस.टी.ने त्याच्या पाड्यावर गेलो. माफी मागायचे ठरवले होते. त्याच्या आईने आधी पाण्याचा तांब्याच पुढे केला. धाकट्या बहिणीचेही रक्त तपासले होते, तिलाही तोच रोग. सहावीत होती. रात्री उठते, अंथरूण भिजवते म्हणून बोलणी खात होती. निघताना तो म्हणाला, “सर, हिच्या बाईंना एक चिठ्ठी द्याल?”

मी लिहिली: ‘हिला तासाला हवे तितक्या वेळा पाणी पिऊ द्यावे व बाहेर जाऊ द्यावे.’ शुद्धलेखन दोनदा तपासले आणि खाली सही करून हुद्दाही लिहिला.