सर्वांच्या मागून

टोकियोस जाण्याचा योग आला तेव्हां उंच इमारती पाहून मन लौकरच विटलें, आणि जून महिन्यांतील एका सकाळीं मी कोइशिकावा कोराकुएन या जुन्या उद्यानांत शिरलों. शेजारींच १९८८ सालीं उघडलेलें प्रचंड क्रीडागृह आहे. त्याचें पांढरें छप्पर झाडांच्या माथ्यावरून सारखें डोकावत असतें.

सुमारें साडेसतरा एकरांची ही बाग मितो घराण्याचा मूळ पुरुष तोकुगावा योरिफुसा यानें १६२९ सालीं आपल्या वाड्याच्या आवारांत करावयास घेतली व त्याचा पुत्र मित्सुकुनी यानें ती पुरी केली. मिंग राजवट कोसळल्यानंतर चीन सोडून आलेला जू शुन्श्वे हा पंडित मित्सुकुनीचा सल्लागार होता. त्यानें योजिलेला अर्धवर्तुळाकार दगडी पूल पाण्यांतील आपल्या प्रतिबिंबासह पूर्ण चंद्रासारखा दिसतो. बागेचें नांवही त्याच्याच सूचनेचें. 'कोराकुएन' म्हणजे मागाहून आनंद घेण्याची बाग. राज्यकर्त्यानें चिंता प्रजेच्या आधीं वाहावी आणि सुख प्रजेच्या मागून भोगावें, हा फान जोंगयान या अकराव्या शतकांतील चिनी मंत्र्याचा विचार त्या नांवामागें आहे.

१९२३ चा भूकंप व १९४५ चे हवाई हल्ले यांत येथील जुन्या वास्तू जळाल्या. परंतु तळें, टेंकड्या आणि वाटा यांची मूळ मांडणी टिकली.

मी अधिक रेंगाळलों तो मात्र एका भाताच्या खाचरापाशीं. शेजारीं जांभळे आयरिस फुलले होते, आणि खाचरांत नुकतीच लावलेली हिरवीं रोपें डोलत होतीं. सरदाराच्या बागेंत शेत कशाला? तर मित्सुकुनीच्या वारसाच्या पत्नीला शेतकऱ्याचे कष्ट कळावेत म्हणून! थोरा घरच्या सुनेनें भात पाहिलेला ताटांत. तो येतो कोठून, हें तिला सासऱ्यानें दाराशीं दाखविलें. आज त्याच खाचरांत परिसरांतील प्राथमिक शाळांचीं मुलें मे महिन्यांत लावणी व सप्टेंबरांत कापणी करतात.

तेथें उभा असतां मला आमच्या थोरल्या काकू आठवल्या. पुरुषांच्या व मुलांच्या पंगती उठल्यावर त्या बसत. पातेलें खरवडीत आणि "मला आज भूकच नाहीं" असें म्हणत. फान जोंगयानचें नांवही त्यांनीं ऐकलें नव्हतें. त्याचा उपदेश होता सत्ता हातीं असणाऱ्यांना. आमच्या घरांत तो पाळला, जिच्या हातीं कांहींच नव्हतें तिनें. सुनेला कष्ट शिकविण्यासाठीं आम्हांस शेत करावें लागलें नाहीं.

परतल्यावर ही हकीकत घरीं सांगितली. सूनबाई हंसून म्हणाली, "मग मामंजी, आज तुम्हीच मागून बसा." मी बसलों. माझें ताट वाढलें गेलें तोंवर भात निवला होता आणि आमटी तळाशीं गेली होती.